दर्शनी भिंत आणि मागचे घर

अल्लाहच्या नावाने, जो देतो आणि वेळ झाली की परत मागतो.

मी, शाद्लिया बिन्त अल-अरूसी, मरहूम तिजानी बिन खमीस याची विधवा, धंदा विणकाम, राहणार नेफ्ता, वरची आळी, वय जन्मनोंदीच्या कागदावर आहे तेवढे (तो कागद चुकीचा आहे, पण माझ्या बाजूने चुकीचा आहे), कारणे मृत्युपत्र करते ते असे: अल्लाह एक आहे, मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, मरण खरे आहे आणि माझे डोके ठिकाणावर आहे. यातले शेवटचे माझ्या भाच्याला मान्य नसल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या पणजीचे नावही सांगितले. ते त्यांना माहीत नव्हते.

मी बोलते आहे आणि अदूल, म्हणजे दस्त लिहिणारे साक्षीदार, सी जिलानी ('सी' हा आमच्याकडे मानाचा शब्द) लिहून घेत आहेत. अशा दस्ताला अदूल जोडीने लागतात, कारण एकट्या माणसाच्या शब्दावर आमच्या गावाने कधी विश्वास ठेवलेला नाही. दुसरे अदूल सी अम्मार समोर बसले आहेत. ते डोळे मिटून ऐकतात. कलमे कोरडी ठेवावीत अशी सी जिलानींची विनंती आहे. मी प्रयत्न करीन.

कलम पहिले. माझे दफन वरच्या कबरस्तानात तिजानीच्या उजव्या बाजूला व्हावे. डाव्या बाजूला त्याचा मित्र बशीर आहे. बशीर आयुष्यभर आमच्या दोघांच्या मध्ये बसून चहा प्यायला, आता त्याने आपल्या बाजूला राहावे. तिसऱ्या दिवशीच्या जेवणातल्या कुसकुसात उंटाचे मांस घालावे. कोंबडी घालून वेळ मारून नेऊ नये. पोस्टातल्या माझ्या शिलकीतून हा खर्च करावा आणि उरेल ते मशिदीच्या चटयांना द्यावे. ध्वनिक्षेपकाला देऊ नये. तो आहे तेवढा पुरे आहे.

कलम दुसरे. माझा उभा माग, ठोकायचा लोखंडी पंजा, कात्र्या आणि रंगवलेली लोकर सबीहाला मिळावी. सबीहा ही खालच्या आळीतली विणकरीण. तिचा हात जड आहे आणि रंगाच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचे ऐकत नाही. पण या गावात माग उभा करता येणारी ती शेवटचीच बाई आहे, तेव्हा दगडापेक्षा वीट मऊ.

कलम तिसरे. पर्यटकांना फिरवणारा मनव्वर याला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये, पण समज मिळावी. तो रोज सकाळी परदेशी माणसांना आमच्या गल्लीत आणतो आणि आमच्या भिंतीवरची नक्षी दाखवून जर्मनांना सांगतो की हा राणीचा हार आहे, फ्रेंचांना सांगतो की ही प्रार्थना आहे आणि इटालियनांना सांगतो की हे प्रेमपत्र आहे. मी आतून सगळे ऐकते. ही नक्षी माझ्या आजेसासूच्या घोंगडीवरून गवंड्याने उचललेली आहे. त्यात विंचू आहे, खजुराचे झाड आहे आणि एक उंट आहे, जो गवंड्याला जमलेला नाही. मी गेल्यावर तरी मनव्वरने खरे सांगावे. तेवढे होत नसेल तर निदान सगळ्यांना एकच खोटे सांगावे.

कलम चौथे. आता घर. गल्लीकडून पाहिले तर पिवळ्या विटांची दर्शनी भिंत, खजुराच्या खोडाचे दार आणि दाराशेजारी विटांचाच ओटा. आत देवडी, देवडीपलीकडे चौक, चौकाभोवती चार खोल्या, स्वयंपाकघर, विहीर आणि न्हाणी. विटा आमच्याच मातीच्या, पायांनी तुडवलेल्या, झावळ्यांवर भाजलेल्या. भिंतीतली एक वीट पुढे, एक मागे अशी बसवली आहे, त्यामुळे प्रत्येक विटेची सावली शेजारणीवर पडते आणि भिंत तापत नाही. उन्हाळ्यात आख्खे गाव तव्यावर असते तेव्हा माझ्या देवडीत माणसाला झोप लागते. सी अम्मार याचा पुरावा आहेत.

हे घर माझ्याकडे कसे आले ते सांगणे भाग आहे, कारण त्यावरच पुढचे सगळे उभे आहे. घर माझे सासरे खमीस यांचे. त्यांना मुले दोन: मुलगा तिजानी आणि मुलगी दहबिया. सासरे वारले तेव्हा कायद्याने तिजानीचे दोन वाटे आणि दहबियाचा एक, म्हणजे घराचा एक तृतीयांश दहबियाचा झाला. पण आमच्याकडे चांगल्या घरची मुलगी बापाच्या घरातला वाटा मागत नाही. ती अदूलांसमोर बसते, 'मी आपला वाटा भावाला सोडला' म्हणते, अंगठा उठवते आणि सगळे तिचे कौतुक करतात. बदल्यात तिला शब्द मिळतो की या घराचे दार तुला जन्मभर उघडे राहील. विधवा झालीस, नवऱ्याशी पटले नाही, तर सरळ निघून ये. दहबियानेही अंगठा उठवला, तिलाही शब्द मिळाला. त्या वेळी मी या घरात आलेही नव्हते. हे नोंदवून ठेवावे.

आम्हांला मूल झाले नाही. आपण आधी गेलो तर बहिणीचा हिस्सा पुन्हा निघेल आणि बायको उघड्यावर पडेल, या भीतीने तिजानीने जिवंतपणीच सगळे घर मला बक्षीस करून दिले. मी ते मागितले नव्हते. नकोही म्हटले नव्हते. अशा रीतीने एकाच घरातून एकाच बाईचे नाव दोनदा गेले, दोन्ही वेळा प्रेमापोटी.

कलम पाचवे. दहबिया माझी नणंद. तिच्याशी माझे वैर आहे आणि ते या दस्तात आले पाहिजे, नाहीतर पुढे कुणी म्हणेल की म्हातारी मरताना विरघळली.

आमच्या दाराला तीन कड्या आहेत. डावी जाड, ती पुरुषांनी वाजवायची. उजवी हलकी, ती बायकांनी. खालची बारीक, ती पोरांनी. आवाजावरून आतल्यांना कळते की कुणी उठायचे. दहबियाचा नवरा वारला, तिचे सुतकाचे महिने संपले आणि ती गाठोडे घेऊन दिलेल्या शब्दाप्रमाणे माहेरी आली. तिजानी बागेत खजुरांना नर झाडाचा मोहोर बांधायला गेला होता. मी घरात एकटी. पुरुषांची कडी वाजली. मी उठले नाही. पुन्हा वाजली. घरात पुरुष नसताना त्या कडीला दार उघडायचे नसते आणि आतून आवाजही द्यायचा नसतो, हे मला माझ्या आईने शिकवले आणि दहबियाला तिच्या आईने. तिसऱ्यांदा वाजली आणि मग थांबली.

संध्याकाळी कळले की दहबिया होती. दुसऱ्या दिवशी तिने हमामात न्हायला आलेल्या साऱ्या बायकांना ऐकवले, "बापाच्या घरी मी पाहुणी म्हणून नव्हते गेले. वाटेकरी म्हणून गेले होते, म्हणून बापाची कडी वाजवली. आणि त्या विणकरणीने माझ्या तोंडावर दार बंद ठेवलं!"

दार बंद ठेवले नाही, दार बंदच होते. हा फरक मी तिजानीला समजावला. तो बहिणीकडे गेला, ती म्हणाली, "तुझ्या बायकोने दार का नाही उघडलं?" तो घरी आला, मी म्हणाले, "तुझ्या बहिणीने पुरुषांची कडी का वाजवली?" बिचारा या दोन प्रश्नांच्या मध्ये येरझाऱ्या घालून म्हातारा झाला. दहबिया गल्लीच्या टोकाला तिच्या दिराच्या घरी, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून असलेल्या खोलीत राहिली, आणि आजही तिथेच आहे. त्या दिराच्या सुनेला आता ती खोली धुण्याच्या यंत्रासाठी हवी आहे. यंत्र विकत आणून झाले आहे.

त्या दिवसापासून दहबिया या घराच्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही आणि आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. पण दुपार उतरली की ती आमच्या ओट्यावर येऊन बसते, कारण घर सोडले तरी ओटा सोडल्याचे तिच्या कागदात लिहिलेले नव्हते. ती बाहेर, मी आत देवडीत मागावर. बोलणे भिंतीशी होते.

"भिंते," ती म्हणते, "आतल्या बाईला सांग, कांदा करपतोय."

"भिंते," मी म्हणते, "बाहेरच्या बाईला सांग, कांदा माझा आहे."

"सांग तिला, माझ्या आईच्या स्वयंपाकघरात असा वास कधी आला नव्हता."

"सांग तिला, तिच्या आईनेच शिकवलंय."

तिजानी गेला तेव्हा ती तीन दिवस ओट्यावर बसून राहिली. दुखवट्याला आलेले पुरुष तिला वळसा घालून आत येत होते. मी ताट बाहेर पाठवले. ताट रिकामे परत आले. याच्यावर मी काही बोलणार नाही.

अलीकडे तिची नजर गेली आहे. ती भिंतीला हात लावून येते. आधी खजुराचे झाड हाताला लागते, मग विंचू, मग उंट लागला की ओटा आला. गवंड्याला न जमलेला उंट अशा रीतीने कुणाच्या तरी उपयोगी पडला.

कलम सहावे. माझा वारस एकच, मुन्सिफ, माझ्या वारलेल्या भावाचा मुलगा. राजधानीत हॉटेलांना सामान पुरवतो. मुलगा वाईट नाही. ईदेला फोन करतो, बोलताना माझ्या तब्येतीची चौकशी इतक्या बारकाईने करतो की मला घाबरायला होते.

गेल्या वर्षी तो एका हॉटेलवाल्याला घेऊन आला. हॉटेलवाला माझा चहा प्यायला आणि त्याने चौकाची पावलांनी लांबी-रुंदी मोजली.

"आत्या, अल्लाह तुला शंभर वर्षं देवो," मुन्सिफ म्हणाला.

"पण?" मी म्हटले.

"पण समज, पुढेमागे... ही पुढची भिंत अशीच ठेवायची. हातसुद्धा लावायचा नाही. माणसं फोटो काढतील, आत येतील, आणि आत आल्यावर," त्याने दोन्ही हात पसरले, "पोहण्याचा तलाव!"

"विहीर आहे की."

"आत्या, विहिरीत पाहुणे पोहत नाहीत."

"तुझा बाप पोहायचा. दोनदा बाहेर काढावा लागला."

मग हॉटेलवाल्याने भाव वाढवावा म्हणून मुन्सिफने अर्ज करून राजधानीहून वारसा-तज्ज्ञांची समिती बोलावली. तीन माणसे आली. मुख्य एक बाई होती, हसरी, पायात पुरुषी बूट. तिने दर्शनी भिंतीसमोर इतका वेळ घालवला की ओट्यावर बसलेल्या दहबियाला वाटले तिलाच बघायला आले आहेत, आणि ती म्हणाली, "भिंते, यांना सांग, मी विकाऊ नाही." तज्ज्ञ बाईंनी विटांवरून हात फिरवला, उंटाचे बारा फोटो काढले आणि उंट मुद्दाम तसा केला आहे असे लिहून घेतले. मनव्वर मध्येच घुसला आणि त्याने राणीचा हार सांगितला. तोही लिहून घेतला.

मग त्या आत आल्या आणि बाईंचे हसू देवडीतच मावळले. चौकात मी सिमेंट केले आहे, कारण माती गुडघ्यांना सोसत नाही. खिडक्या ॲल्युमिनियमच्या आहेत, कारण वाळू आत येते. न्हाणीत निळी फरशी आहे, पाणी तापवायचे यंत्र आहे, स्वयंपाकघरात नळ आहे. बाई प्रत्येक खोलीच्या दारात उभ्या राहून मयताला आल्यासारखा चेहरा करत होत्या.

"आजी, हे सगळं तुम्ही केलंत?"

"मी इथे राहते," मी म्हटले.

"तेच तर," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने शिक्क्यासह अहवाल आला. मुन्सिफने तो मला फोनवरून वाचून दाखवला, त्याचा आवाज आनंदाने चिरकत होता. दर्शनी भिंत अत्यंत दुर्मिळ, संरक्षित. घराच्या एकंदर मूल्यापैकी पाचात चार हिस्से मूल्य एकट्या भिंतीचे. मागील भाग घरगुती वापरामुळे बिघडलेला, वारसामूल्य शून्य. पाडण्यास हरकत नाही.

माझी सगळी हयात त्या मागील भागात गेली. तिथे मी नवरी म्हणून आले, तिथे माझी दोन बाळे जन्मण्याआधी गेली, तिथे तिजानीने पाण्याचा शेवटचा घोट घेतला. मला राग आला. तो अजून आहे आणि तो या दस्तात लिहावा अशी माझी सूचना आहे. सी जिलानी म्हणतात रागाला कलम नसते. मग याच कलमात राहू द्या.

कलम सातवे. अहवाल घेऊन मी सी जिलानींकडे गेले. कायदा मला ठाऊक होता: जो वारस नाही त्याला मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच देता येते, उरलेले दोन तृतीयांश अल्लाहने आधीच वाटून ठेवलेले आहेत, त्यात म्हातारीने नाक खुपसायचे नाही. मी म्हटले, "माझा तृतीयांश दहबियाला लिहा."

सी जिलानींनी लेखणी खाली ठेवली. "दहबियाला? तुमच्या?"

"माझी कशाला होईल! तिजानीच्या बहिणीला."

"पण तुमचं तर..."

"आहेच. ते वेगळं. तिच्या बापाच्या घरातला तिसरा हिस्सा तिचा होता. कायदा मला तिसराच हिस्सा देऊ देतो. इतका सरळ हिशेब अल्लाह रोज रोज जुळवून देत नाही, सी जिलानी. लिहा."

ते म्हणाले की असा नुसता हिस्सा देऊन उपयोग नाही. मुन्सिफ कोर्टात जाईल, वाटण्या होत नाहीत म्हणेल, सगळे घर लिलावात निघेल, हॉटेलवाला घेईल, आणि दहबियाच्या हातात पैसे पडतील, जे तिच्या दिराचा मुलगा सांभाळायला घेईल. घरातली नेमकी एखादी चीज द्यायला हवी, जी एकंदर मूल्याच्या तृतीयांशाच्या आत बसेल. एखादी खोली, म्हणा. "खोलीच्या पलीकडे तलाव," मी म्हटले.

मग त्यांनी अहवाल उघडून आकडे बघितले. पुन्हा बघितले. चष्मा पुसला. आपल्या बायकोला चहा टाकायला सांगितले आणि साखर जास्त घालायला सांगितली, जी त्यांना वर्ज्य आहे.

"शाद्लियाबाई," ते म्हणाले, "समितीच्या मते भिंत म्हणजे पाचात चार. मग मागचं सगळं घर मिळून किती?"

"पाचात एक."

"आणि एक पंचमांश एक तृतीयांशापेक्षा..."

"लहान," मी म्हटले.

तिथेच बसलेल्या सी अम्मार यांनी त्या वेळी डोळे उघडले होते, याची मी साक्षीदार आहे.

तेव्हा माझी इच्छा अशी: दर्शनी भिंत वगळून बाकी सगळे, म्हणजे दार, उंबरा, देवडी, चौक, चार खोल्या, स्वयंपाकघर, विहीर, न्हाणी, त्यातली निळी फरशी, पाणी तापवायचे यंत्र आणि समितीला न आवडलेली प्रत्येक वस्तू, माझ्या मृत्यूनंतर दहबिया बिन्त खमीस हिच्या पूर्ण मालकीची व्हावी. त्याचे मूल्य कायद्याच्या मर्यादेत आहे. पुरावा म्हणून माझ्या वारसाने स्वतः अर्ज करून आणवलेला सरकारी अहवाल जोडला आहे.

कलम आठवे. उरले ते मुन्सिफचे. म्हणजे दर्शनी भिंत, पायापासून माथ्यापर्यंत. मी त्याला घराच्या पाचात चार हिस्से देते आहे. आत्याने भाच्याच्या तोंडाला पाने पुसली असे कुणाला म्हणता येणार नाही.

भिंतीवर त्याचा पूर्ण हक्क राहील. तो तिच्यासमोर उभा राहू शकेल, तिचे फोटो काढू शकेल. अहवालात लिहिल्याप्रमाणे तिची एकही वीट काढता, बदलता किंवा विकता येणार नाही, आणि वाऱ्याने झिजलेल्या विटा मालकाने स्वखर्चाने जुन्या पद्धतीने भाजून बसवायच्या आहेत. जुन्या पद्धतीच्या भट्ट्या गावाबाहेर दोन उरल्या आहेत, त्यांना आगाऊ सांगून ठेवावे लागते. ओटाही अहवालात भिंतीचा भाग म्हणून धरला आहे, त्यामुळे तोही मुन्सिफचा; मात्र त्यावर बसलेल्या माणसाला उठवू नये, ही विनंती. हॉटेलवाल्याला भिंतीमागे तलाव हवा असेल तर त्याने दहबियाशी बोलावे. त्याला माझ्या शुभेच्छा.

मुन्सिफ, बाळा, तू रागावशील. पण घर तुझे कधी नव्हतेच, माझेही पूर्णपणे नव्हते. तुझ्या बापाला मी विहिरीतून बाहेर काढले होते, तेव्हा तेवढे माझ्या बाजूने धर. आणि ईदेला फोन कुणाला करायचा असा प्रश्न पडला तर दहबियाला कर. ती तुझ्या तब्येतीची चौकशी करणार नाही, पण खरे बोलेल.

कलम नववे. सी जिलानी सांगतात की ज्याला द्यायचे त्याने घेतले नाही तर मृत्युपत्रातले देणे गळून पडते आणि सगळे घर वारसाकडे जाते. म्हणजे दहबियाने माझ्यावरच्या रागापोटी 'नको' म्हटले की तलाव खणायला सुरुवात. आणि ती म्हणेल. माझ्या हातचे पाणी पिणार नाही असे तिने हमामात शपथेवर सांगितलेले आहे. म्हणून हे कलम तिच्यासाठी आहे आणि ते तिला वाचून दाखवावे.

वन्सं, हे बक्षीस नाही. मी तुम्हांला काही देत नाही, त्यामुळे घेण्यात कमीपणा नाही. अंगठा उठवून जे घेतले गेले, ते होते तसे परत येते आहे, खोल्या मोजल्या तर थोडे जास्तच. जास्तीचे ते मला राहायला मिळाल्याचे भाडे समजा. माझ्यासाठी दुवा मागू नका, कबरीवर येऊ नका, गावात माझ्याबद्दल जे सांगता तेच सांगत राहा. चौकातले सिमेंट नको असेल तर उखडून टाका. विहिरीचा दोर बदलायला झाला आहे. उत्तरेची खोली उन्हाळ्यात गार असते, पण ते तुम्हांला माहीत आहे, तुम्ही तिथेच जन्मलात.

आणि एक. त्या दिवशी मी दार उघडले नाही, ते नियमाला धरून होते आणि आजही मी तेच म्हणेन. पण त्यानंतरच्या प्रत्येक दुपारी तुम्ही ओट्यावर यायला उशीर केलात की माझा धागा चुकायचा. मला या घरात तुमच्याइतकी सोबत दुसऱ्या कुणाची झाली नाही, तिजानी धरून. हे मला जिवंतपणी म्हणता आले नाही याचे मला वाईट वाटते. खोल्या चार आहेत. मी एकीतच राहिले.

वाचन. वरील सर्व मजकूर अदूल सी जिलानी यांनी मृत्युपत्र करणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून तिच्याच देवडीत, दुपार उतरल्यावर, गल्लीकडची खिडकी उघडी ठेवून, नेहमीपेक्षा मोठ्याने वाचला. नववे कलम दोनदा वाचले. या वेळी दहबिया बिन्त खमीस बाहेर ओट्यावर बसलेल्या होत्या. वाचन संपल्यावर बाहेरून आवाज आला, तो शब्दशः असा:

"सी जिलानी, एवढं ओरडता कशाला? डोळे गेलेत माझे, कान नाही गेले!"

मग:

"वहिनी."

मृत्युपत्र करणाऱ्या बाई जागच्या उठल्या.

"वहिनी, ऐकतेयस ना? मरायची घाई करू नकोस. एवढं मोठं घर मला एकटीला झाडायला जमायचं नाही."

यावर शाद्लिया बिन्त अल-अरूसी खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "मग आजपासूनच झाडायला या, वन्सं."

हा स्वीकार धरावा काय, यावर दोन्ही अदूलांनी विचार केला. सी जिलानींचे मत असे की कायद्याने धरता येत नाही, कारण देणारी बाई अजून जिवंत आहे. सी अम्मार यांचे मत असे की म्हणूनच धरावा. नोंद ठेवली आहे.

सहीला उशीर झाला. झाडू सापडत नव्हता.

ठिकाण: नेफ्ता, वरची आळी
तारीख: ७ रज्जब १४४०, गुरुवार, १४ मार्च २०१९

सही: शाद्लिया बिन्त अल-अरूसी
लिहिणार व साक्ष: अदूल जिलानी बिन सालिम
साक्ष: अदूल अम्मार बिन युनुस (पूर्ण वेळ जागे होते)
वाचन ऐकल्याबद्दल अंगठा: दहबिया बिन्त खमीस. अंगठा देवडीत, आत बसून उठवला.